प्लूटो, कॅन्ससचं शेत आणि ९ इंची आरसा: यंत्र किती आणि माणूस किती, एक प्रकरण अभ्यास

मुलाला आकाश बघायचा नाद लागला की आईबाप पहिला प्रश्न विचारतात, दुर्बीण कोणती घेऊ आणि किती हजाराची घेऊ. दुसरा प्रश्न थोड्या वेळाने येतो, पुढे याला कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये घालावं लागेल. प्रश्न काळजीपोटी असतात हे मला कळतं, पण उत्तर म्हणून मी दर वेळी क्लाइड टॉमबॉची केस सांगतो, आणि बहुतेकांना ती एका ओळीतच माहिती असते, म्हणजे "१९३० साली टॉमबॉने प्लूटो शोधला", शाळेच्या पुस्तकात होतं तेवढं. त्या ओळीच्या आत नक्की काय काय घडलं, कोणाकडे काय साहित्य होतं, कोणाला काय सापडलं आणि कोणाच्या हातातून काय निसटलं हे नीट बघितलं तर महागडं साहित्य आणि मोठं शिक्षण यांचा हिशोब बराच वेगळा लागतो. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

सुरुवात श्रीमंत बाजूपासून करू.

पर्सिव्हल लॉवेल हा बॉस्टनच्या गडगंज घराण्यातला माणूस, हार्वर्डचा पदवीधर. १८९४ साली त्याने ॲरिझोनात फ्लॅगस्टाफला सुमारे ७ हजार फूट उंचीवर स्वतःच्या पैशाने वेधशाळा काढली. मंगळावर कालवे आहेत या दाव्यामुळे त्याचं नाव झालं, पण आयुष्याची शेवटची वर्षं त्याने एकाच गोष्टीवर लावली, नेपच्यूनच्या पलीकडचा ग्रह, त्याच्या भाषेत प्लॅनेट एक्स. युरेनसच्या कक्षेत थोडी गडबड दिसते, म्हणजे पलीकडून कोणीतरी ओढतंय, तर गणित करून त्याची जागा काढायची आणि तिथे फोटो घ्यायचे, असा बेत. गणिताला माणसं ठेवली, १९११ मध्ये झाइस कंपनीचा ब्लिंक कम्पॅरेटर (दोन फोटो आलटून पालटून दाखवणारं यंत्र) विकत घेतला, शेकडो प्लेट्स, म्हणजे काचेवर घेतलेले आकाशाचे फोटो, काढल्या. १९१६ मध्ये लॉवेल गेला, ग्रह काही सापडला नाही, आणि नंतर त्याच्या इस्टेटीवरून बायको आणि वेधशाळा यांच्यात कोर्टकचेरी सुरू झाली ती बरीच वर्षं चालली, शोध तसाच पडून राहिला.

आता यातली मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. प्लूटो १९१५ मध्येच लॉवेलच्या स्वतःच्या वेधशाळेच्या प्लेटवर उमटला होता! १९ मार्च आणि ७ एप्रिल १९१५, अशा दोन प्लेट्सवर. अंधुक होता, पण होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. प्लेट कपाटात गेली आणि लॉवेल दीड वर्षात वारला.

आणि हे एकदाच झालं असंही नाही. १९१९ मध्ये विल्यम पिकरिंग या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःचं वेगळं गणित मांडलं आणि त्यावरून माउंट विल्सन वेधशाळेत फोटो काढले गेले. त्या काळात जगातली सगळ्यात मोठी, १०० इंची दुर्बीण त्याच डोंगरावर होती (हे फोटो अर्थात लहान कॅमेऱ्याने काढले, कारण मोठ्या दुर्बिणीला आकाशाचा फारच छोटा तुकडा दिसतो). त्या प्लेट्सवर पण प्लूटो आलेला होता, हे नंतर उलटं मागे जाऊन तपासलं तेव्हा कळलं. ते फोटो काढणारा मिल्टन ह्युमसन, त्याची पण गंमत बघा, हा माणूस चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला, त्याच डोंगरावर खेचरं हाकून सामान वर नेणारा, मग तिथेच सफाई कामगार, आणि पुढे स्वतःच्या हुशारीवर दीर्घिकांचे वेग मोजणारा नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ झाला. म्हणजे इथे मला "शिकलेल्यांना जमलं नाही, अडाण्याला जमलं" असलं काही म्हणायचं नाहीये, ह्युमसनला पण तो दिसला नाही. माझा मुद्दा एवढाच की १९३० च्या आधी यंत्र होतं, पैसा होता, प्लेट होती, प्लेटवर प्लूटोसुद्धा होता. तरी तो सापडलेला नव्हता.

आता दुसरी बाजू.

क्लाइड टॉमबॉ, जन्म ४ फेब्रुवारी १९०६, इलिनॉय राज्यात स्ट्रीटर गावाजवळ, सहा भावंडांत थोरला. १९२२ मध्ये कुटुंब कॅन्ससला बर्डेट नावाच्या छोट्या गावी आलं. गहू, ओट, मका असली कोरडवाहू शेती. काकाकडे एक छोटी दुर्बीण होती, ती बघून पोराला वेड लागलं. १९२५ मध्ये हायस्कूल झालं, कॉलेजला जायची इच्छा होती, पण गारपीट झाली आणि उभं पीक गेलं, त्याबरोबर कॉलेज पण गेलं. गारपीट म्हणजे काय हे आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगायला नको. पोरगा शेतावरच राहिला, भूमिती आणि त्रिकोणमिती पुस्तकातून आपली आपण शिकला.

१९२६ मध्ये त्याने पहिली दुर्बीण बनवली, ८ इंची आरसा, मासिकात आलेली माहिती वाचून. आणि ती चांगली झाली नाही.

इथे थांबून आरसा कसा बनतो ते सांगायला पाहिजे, कारण या केसचा गाभा मला तिथेच दिसतो. दोन जाड गोल काचा घ्यायच्या, एक खाली पक्की बसवायची, तिच्यावर पाणी आणि कार्बोरंडमची, म्हणजे काच घासणारी कडक, पूड टाकायची आणि दुसरी काच वरून घासायची, पुढे मागे, थोडं फिरवत, पिंपाभोवती किंवा टेबलाभोवती आपण पण फिरत. होतं असं की वरची काच (हीच पुढे आरसा होते) मधून खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. तासनतास तेच. मग पूड बारीक, अजून बारीक, मग पिचचा (डांबरासारख्या पदार्थाचा) थर देऊन पॉलिश. इथपर्यंत नुसती मेहनत पुरते, हात दुखतात पण डोकं फार लागत नाही. खरी गोष्ट पॉलिशनंतर सुरू होते, कारण आरशाचा आकार प्रकाशाच्या लहरीच्या काही अंशाइतका अचूक यावा लागतो, आणि तेवढं डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही, कुठल्या पट्टीने मोजता येत नाही.

त्यासाठी फुको टेस्ट असते. आरशाच्या वक्रतेच्या केंद्रापाशी एक बारीक छिद्रातून येणारा उजेड ठेवायचा, तो आरशावर जाऊन परत तिथेच गोळा होतो, त्या परतीच्या ठिपक्यात हळूच ब्लेड सरकवायचं आणि ब्लेडच्या मागून डोळा लावून आरशाकडे बघायचं. मग आरशावर सावल्या पडलेल्या दिसतात, कुठे टेकाड, कुठे खळगा, कड उतरलेली असेल तर तीही, आणि ही टेकाडं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वासच बसत नाही. आरशावर क्षणभर बोट टेकवा आणि परत बघा, बोट टेकलं तिथे काच ऊबेने फुगून स्पष्ट उंचवटा दिसतो, आणि मिनिटा-मिनिटाने तो विरत जातो. म्हणूनच ही टेस्ट करताना पंखा बंद, खिडकी बंद, जास्त माणसं खोलीत नकोत, कारण मधली हवा हलली की सावली पण हलते आणि मग आरशात काय आहे आणि हवेत काय आहे ते कळेनासं होतं.

टॉमबॉच्या पहिल्या आरशाची अडचण हीच होती, नीट तपासायची सोयच नव्हती. कॅन्ससमध्ये उन्हाळ्यात प्रचंड गरमी, सतत वारा, घरात एवढी लांब, स्थिर हवेची जागा मिळणार कुठून. मग त्याने काय केलं तर शेतात खड्डा खणला. २४ फूट लांब, ८ फूट खोल, ७ फूट रुंद. हाताने, टिकाव-फावडं घेऊन, शेतातली कामं सांभाळून. जमिनीखाली तापमान एकसारखं आणि हवा शांत, म्हणजे टेस्टिंगला एकदम योग्य. बापालाही पटावं असा उपयोग म्हणजे तिथे भाजीपाला, बटाटे ठेवता यायचे आणि वादळ आलं तर घरच्यांना आत उतरता यायचं. मला या माणसाच्या सगळ्या आयुष्यात हा खड्डा सगळ्यात जास्त भावतो, प्लूटोपेक्षा पण. आरसा खराब झाला तर लोक काय म्हणतात, काच स्वस्तातली होती, सामान बरोबर नव्हतं, पैसे असते तर चांगली विकत घेतली असती. हा म्हणाला, मला माझी चूक दिसत नाहीये, तर आधी ती दिसेल अशी जागा बनवतो.

त्या खड्ड्यात तपासून काकासाठी ७ इंची केली, ती विकून आलेल्या पैशात १९२८ मध्ये ९ इंची आरसा केला. नाभीय अंतर (आरसा लांबच्या वस्तूचा प्रकाश जिथे गोळा करतो तिथपर्यंतचं अंतर) आरशाच्या रुंदीच्या जवळजवळ नऊपट आणि वक्रतेचं केंद्र त्याच्या दुप्पट लांब, म्हणजे वक्रतेचं केंद्र आरशापासून साधारण १३ फुटावर, ते त्या २४ फुटी खड्ड्यात आरामात बसत होतं. स्टँडला बापाच्या १९१० च्या ब्यूइक गाडीचा क्रँकशाफ्ट आणि दुधातून साय वेगळी काढायच्या जुन्या मशीनचे भाग. दिसायला ती दुर्बीण भंगार दुकानातून आणल्यासारखी वाटते, फोटो बघा कधीतरी, पण आरसा उत्तम होता. पुढे कित्येक वर्षांनी स्मिथसोनियन म्युझियमने ती मागितली तेव्हा म्हातारा टॉमबॉ म्हणाला की देता येणार नाही, मी अजून वापरतोय.

या दुर्बिणीतून बघून त्याने गुरूची आणि मंगळाची चित्रं काढली आणि १९२८ च्या शेवटी लॉवेल वेधशाळेला पाठवली, माझं काही चुकतंय का सांगा म्हणून. सोबत ना कुठली डिग्री ना ओळखीच्याचं शिफारसपत्र, कागदावर पेन्सिलने काढलेले पट्टे आणि डाग फक्त. वेधशाळेतल्या लोकांकडे त्याच सुमाराचे ग्रहांचे फोटो होते, त्यांनी ते ताडून बघितले तर चित्रं जुळत होती. म्हणजे या पोराने दिसलं तेवढंच काढलं होतं, जे नाही ते घातलं नव्हतं. आता ज्या वेधशाळेच्या मालकाने मंगळावर नसलेले कालवे काढण्यात उमर घालवली तिथे ही गोष्ट कळणारी माणसं होती हे पण विशेष. संचालक व्ही. एम. स्लायफर यांना तेव्हा नव्या फोटोग्राफिक दुर्बिणीवर बसायला माणूस पाहिजेच होता. त्यांनी पत्रात तब्येत कशी आहे ते विचारलं, गरम न केलेल्या घुमटात थंडीच्या रात्री काम करशील का विचारलं. १५ जानेवारी १९२९ ला हा बावीस वर्षांचा मुलगा आगगाडीने फ्लॅगस्टाफला उतरला.

म्हणजे बघा, ९ इंची दुर्बिणीने त्याला प्लूटो दाखवला नाही आणि दाखवूही शकली नसती. प्लूटो तेव्हा १५ व्या प्रतीचा होता (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक), नुसत्या डोळ्याला दिसणाऱ्या सगळ्यात अंधुक ताऱ्यापेक्षा साधारण ४ हजार पट अंधुक. तो पकडायला १३ इंची भिंगाचा खास कॅमेरा लागला, आणि त्याचे पैसे पर्सिव्हलच्या भावाने, ॲबट लॉरेन्स लॉवेलने दिले, जो तेव्हा हार्वर्डचा प्रेसिडेंट होता. यंत्राला काही महत्त्वच नाही असं जे लोक व्हॉट्सॲपवर फिरवतात ते मला पटत नाही. या केसमध्ये महाग यंत्र लागलंच. पण ते यंत्र ज्याच्या हातात द्यावं असा माणूस कॅन्ससच्या शेतात स्वतःच्या हाताने तयार झाला होता, आणि ते यंत्र त्याला विकत घ्यावं लागलं नाही, त्याच्या कामाकडे बघून ते त्याला मिळालं.

आता खरं काम. कॅमेऱ्यातून १४ बाय १७ इंची काचेच्या प्लेटवर तासभर एक्स्पोजर घ्यायचं, तेवढा वेळ एका मार्गदर्शक ताऱ्यावर डोळा ठेवून दुर्बीण बरोबर चालते की नाही हे बघत थंडीत बसायचं. तोच आकाशाचा तुकडा काही दिवसांनी परत. मग दोन्ही प्लेट ब्लिंक कम्पॅरेटरवर चढवायच्या, आयपीसमधून एकदा ही प्लेट दिसते, एकदा ती, खटाखट बदलत राहतं. तारे जागचे हलत नाहीत, जे हललंय ते उड्या मारताना दिसतं. ऐकायला सोपं. पण एका प्लेटवर दीड लाखापासून आकाशगंगेच्या भागात दहा लाखांपर्यंत तारे, आणि आयपीसमध्ये एका वेळी दिसतो जेमतेम नखाएवढा भाग. पट्टा पट्टा करत सगळी प्लेट पालथी घालायची. आणि हलणारं काही दिसलं की तो ग्रहच असेल असं नाही, लघुग्रह असतात, रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे, तारे असतात, प्लेटमधले दोष असतात, ते सगळे "मी आहे, मी आहे" करतात.

सुरुवातीला टॉमबॉने फोटो काढायचे आणि ब्लिंकिंग वरिष्ठांनी करायचं असं होतं, पण जून १९२९ पासून स्लायफरनी ते पण त्याच्याच गळ्यात घातलं. इथे या पोराने जे केलं त्याला मी नुसती मेहनत म्हणणार नाही. त्याने विचार केला की लघुग्रहांचा गोंधळ मुळातून कसा टाळता येईल. ग्रह जेव्हा सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असतो तेव्हा पृथ्वी त्याला ओलांडून पुढे जात असते, त्यामुळे तो मागे सरकताना दिसतो, आणि जितका जवळचा तितका जास्त सरकतो. रेल्वेच्या खिडकीतून जवळचा खांब झपकन मागे जातो आणि लांबचा डोंगर सावकाश, तसं. म्हणजे नेमक्या त्या वेळी, प्रतियुतीच्या जवळ, फोटो काढले तर नुसत्या सरकण्यावरून कळतं की वस्तू किती लांब आहे. हेच एक-दोन महिने इकडे तिकडे काढले तर लघुग्रह पण जवळजवळ थांबल्यासारखे दिसतात आणि लांबच्या ग्रहाचं सोंग घेतात. म्हणून त्याने लॉवेलच्या गणिताने सांगितलेल्या जागेच्या मागे न लागता सगळा राशिपट्टा, प्रत्येक भाग त्याच्या त्याच्या प्रतियुतीच्या वेळी, असा कार्यक्रम आखला. आणि प्रत्येक भागाच्या दोन नाही, तीन प्लेट. चांगल्या दोन ब्लिंक करायच्या, त्यात संशयित सापडला की तिसरीवर तो जिथे असायला हवा तिथे आहे का बघायचा.

तिसरी प्लेट म्हणजे माझ्या मते तोच बर्डेटचा खड्डा. ज्याने आरसा स्वतः घासलेला असतो त्याला कळलेलं असतं की आपला डोळा आपल्याला फसवतो आणि त्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. लॉवेलच्या माणसांकडे कम्पॅरेटर १९११ पासून होता, तो चांगलाच होता, पण अशी शिस्त लावलेली नव्हती.

मधेच वेधशाळेला भेट देणाऱ्या एका खगोलशास्त्रज्ञाने त्याला सांगितलं की अजून ग्रह असते तर एव्हाना सापडले असते, तू वेळ वाया घालवतोयस. हा ऐकून घेऊन परत कम्पॅरेटरवर बसला.

१८ फेब्रुवारी १९३०, दुपारी चारच्या सुमाराला तो २३ आणि २९ जानेवारीच्या प्लेट्स ब्लिंक करत होता, मिथुन राशीचा भाग, डेल्टा जेमिनोरम ताऱ्याजवळ. एक बारीक ठिपका उडी मारताना दिसला. सहा दिवसांत साडेतीन मिलिमीटर सरकलेला, लघुग्रह असता तर साधारण दहापट सरकला असता. आणि इथे बघा, ओरडत सुटला नाही. आधी २१ जानेवारीची प्लेट काढून बघितली, ती वाऱ्यामुळे खराब आली होती, पण ठिपका होता, बरोबर त्या जागी जिथे असायला पाहिजे होता. मग समोरच्या खोलीतल्या लॅम्पलंड या सहकाऱ्याला बोलावलं, मग जाऊन स्लायफरना सांगितलं. त्यानंतरही जवळजवळ महिनाभर वेधशाळेने गुपचूप खात्री करून घेतली आणि १३ मार्चला जाहीर केलं, तो लॉवेलच्या ७५ व्या जन्मदिनाचा दिवस.

यात एक गोष्ट मात्र बऱ्याच ठिकाणी चुकीची सांगतात की लॉवेलच्या गणिताने प्लूटो सापडला. प्लूटो लॉवेलने सांगितलेल्या जागेपासून सुमारे ६ अंशांवर सापडला हे खरं, त्यामुळे तेव्हा सगळ्यांना तसंच वाटलं. पण लॉवेलचा ग्रह पृथ्वीच्या साडेसहापट वजनाचा होता, आणि १९७८ मध्ये प्लूटोचा चंद्र कॅरन सापडून खरं वस्तुमान काढता आलं तेव्हा कळलं की प्लूटो पृथ्वीच्या पाव टक्क्याएवढाही नाही. तो युरेनसला काय ओढणार? पुढे व्हॉयेजर २ यानाने १९८९ मध्ये नेपच्यूनचं वस्तुमान नीट मोजलं, ते आधीपेक्षा अर्धा टक्का कमी निघालं, आणि १९९३ मध्ये माइल्स स्टँडिश या खगोलशास्त्रज्ञाने त्या आकड्याने हिशोब केल्यावर युरेनसची ती गडबडच नाहीशी झाली. म्हणजे ज्याच्यावर एवढा पैसा आणि एवढी गणिती माणसं लागली तो ग्रह तिथे नव्हताच. प्लूटो योगायोगाने जवळपास होता. तो सापडला कारण टॉमबॉ एका जागेवर विसंबला नव्हता, सगळा पट्टा झाडत चालला होता आणि वाटेत मिथुन रास आली.

आपल्या बाजूची एक नोंद इथे करावीशी वाटते कारण ती फार कमी लोकांना माहिती आहे. केतकी पंचांगाचे व्यंकटेश बापूजी केतकर, पेशाने शाळामास्तर, यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचं भाकीत छापलं होतं. ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं पण सुचवलेली. त्यातल्या एकाचं सूर्यापासून अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट आणि फेरीचा काळ सुमारे २४२ वर्षं दिला होता, प्लूटोचे खरे आकडे साडेएकोणचाळीस पट आणि २४८ वर्षं. वाचून छाती फुगते, मलाही अभिमान वाटतो, पण प्रामाणिकपणे बघायचं तर केतकरांची पद्धत गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांमधलं गुणोत्तर पुढे ताणण्याची होती, त्यामुळे जुळणी कितीही जवळची असली तरी ती लॉवेलसारखीच योगायोगात धरावी लागते. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच, वेधशाळा नाही, नोकरी शाळेची, आणि हा माणूस मुंबई इलाख्यात बसून फ्रेंच पत्रिकेत छापून येईल असं काम करत होता. केतकर १९३० मध्येच वारले.

आता शिक्षणाचं. टॉमबॉचं उदाहरण देऊन "डिग्री काय कामाची" असं म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचावं. प्लूटो सापडल्यावर त्याला स्कॉलरशिप मिळाली आणि १९३२ मध्ये, जगभर नाव झालेलं असताना, तो कॅन्सस विद्यापीठात पहिल्या वर्षाला जाऊन बसला. तिथल्या प्राध्यापकाने त्याला खगोलशास्त्राच्या प्राथमिक वर्गाला बसू दिलं नाही, ग्रह शोधलेल्या माणसाला हे कसं शिकवायचं म्हणून. १९३६ ला बीए, नंतर एमए, सुट्टीत परत फ्लॅगस्टाफला जाऊन प्लेट्स. पुढे न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलं. त्याला शिक्षण नको होतं असं कधीच नव्हतं, गारपिटीने लांबवलं होतं आणि मिळाल्या दिवशी त्याने घेतलं. फक्त ते मिळेपर्यंत तो थांबून राहिला नाही. हे मी पालकांना मुद्दाम सांगतो, कारण दोन्ही टोकाचे भेटतात. एक म्हणतात भारी दुर्बीण आणि नामांकित संस्था असल्याशिवाय काही होत नाही, दुसरे म्हणतात शाळा सोडून दे, जिद्द पुरे. मुलाला या वयात आधी मिळायला हवी ती स्वतः काहीतरी बनवून तपासायची सवय, मग पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या ठिकाणी जाऊन आरसा घासायला बसा किंवा साध्या बायनॉक्युलरने रोज गुरूचे चंद्र वहीत काढा आणि दुसऱ्या दिवशी ताडून बघा. वहीत काल काढलेला चंद्र आज कुठे गेला याचा शोध मूल आपणहून घ्यायला लागलं की पालकांना दुर्बिणीची किंमत विचारायची घाई राहत नाही, असं मी बघितलंय.

आणि प्लूटोनंतर काय झालं हे तर जवळजवळ कोणीच सांगत नाही. टॉमबॉने शोध थांबवला नाही. १९४३ पर्यंत, अजून तेरा वर्षं, कॉलेजच्या काळातल्या खंडासकट, तो प्लेट काढत आणि ब्लिंक करत राहिला. आकाशाचा सुमारे ७० टक्के भाग, कम्पॅरेटरवर ७ हजार तास, ताऱ्यांच्या ९ कोटी प्रतिमा डोळ्याखालून घातल्या. त्यात शेकडो लघुग्रह, एक धूमकेतू, तारकागुच्छ, दीर्घिकांचे समूह असं बरंच हाती लागलं. दुसरा ग्रह मिळाला नाही. पण एवढं बघून झाल्यावर त्याला छातीठोक सांगता आलं की त्याच्या प्लेटवर उमटेल एवढा तेजस्वी असा नेपच्यूनसारखा मोठा ग्रह त्या भागात नाही. मला हे तेरा वर्षांचं "नाही" प्लूटोएवढंच मोठं वाटतं. त्याच्या हातून एक निसटला खरा. २००५ मध्ये सापडलेला माकेमाके हा बटुग्रह तेव्हा वृषभ राशीच्या कडेला, आकाशगंगेच्या दाट ताऱ्यांत होता, तिथे तो ओळखू येणं जवळपास अशक्यच.

त्याच्या पुढे मात्र मेहनतीने जाता येण्यासारखं नव्हतं, तिथे यंत्रच बदलावं लागलं. प्लूटो आणि कॅरननंतरची नेपच्यूनपलीकडची पुढची वस्तू ऑगस्ट १९९२ मध्ये हवाईच्या मौना केआवरून डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना सापडली, प्रत साधारण २३, टॉमबॉच्या प्लेटवर ती हजार तास एक्स्पोजर दिलं असतं तरी आली नसती. त्यांच्याकडे सीसीडी (फिल्मऐवजी इलेक्ट्रॉनिक चिपवर फोटो घेणारा) कॅमेरा होता आणि २.२ मीटरची दुर्बीण होती. शोधत ते दोघं १९८७ पासून होते, पहिली पाच वर्षं काहीही न सापडता.